‘सांगा बरं’नंतरची जागा

गेल्या आठवड्यात तळेगावहून आत मावळात निघाले होते. पाऊस जरा विसावला होता, रस्ता अर्धा ओला, अर्धा वाळलेला. एका वळणावर वारा फिरला आणि हेल्मेटच्या काचेखालून तो वास आत शिरला. मी स्कूटर बाजूला घेतली. दोन्ही अंगांना खाचरं होती आणि खाचरांतलं भात निसवलं होतं.

भाताला फूल येतं हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. भाद्रपदात पात्यांच्या पोटातून हिरव्या लोंब्या बाहेर येतात, त्यांच्यावर पांढरट, पिठासारखा फुलोरा धरतो, सकाळचे तासदोन तास दिसतो आणि संपतो. त्याचा वास शिजलेल्या भातासारखा नसतो. तांदूळ अजून व्हायचाच असतो. कच्चं दूध, ओलं गवत आणि तान्ह्या बाळाची टाळू, यांच्या मधला कुठला तरी तो वास. ज्यांना येतो त्यांना लांबून येतो, आणि कुणाला शेतात उभं राहूनही येत नाही. मला पूर्वी येत नसे. चार वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात ओव्हाळ सरांनी मला तो दाखवला. तेव्हापासून दरवर्षी येतो, आणि आला की मी कुठे निघाले होते तेच विसरते.

पिशवीत एक पत्र होतं. वाड्यावस्त्यांवरच्या शिक्षकांना डिजिटल सादरीकरण शिकवायचं, तुम्ही मार्गदर्शक म्हणून याल का, असं विचारणारं. मी लोणावळ्याच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे असलं पत्र माझ्याकडे येतं. चार वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा गेले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांना कामाची सबब सांगून नाही म्हटलं. कारण काम नव्हतं. कारण ओव्हाळ सर होते.

त्या वर्षी सगळं एका केंद्रशाळेत भरायचं. आसपासच्या वाड्यांतले सव्वीस शिक्षक, दुपारी तीन ते पाच, बारा दिवस. सामान काय, तर माझ्या शाळेतला एक जुना लॅपटॉप, पिवळ्या पडलेल्या उजेडाचा प्रोजेक्टर आणि केंद्रशाळेचे दोन कॉम्प्युटर. त्यातला एक सुरू व्हायचा नाही. पडदा नव्हता म्हणून एका बाईंनी घरून पांढरी चादर आणली. तिच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने भरलेलं मोराचं पीस होतं, ते आमच्या प्रत्येक स्लाइडवर उमटायचं. गणिताच्या स्लाइडवर पीस, इतिहासाच्या स्लाइडवर पीस. वीज तीनला असायची आणि साडेतीनला जायची. नेट फक्त आवारातल्या हापशापाशी यायचं. एखादं चित्र उतरवून घ्यायचं तर शिक्षक फोन वर धरून हापशाभोवती फिरायचे आणि पाणी भरायला आलेल्या बाया हंडे ठेवून त्यांच्याकडे बघत उभ्या राहायच्या.

वीज गेली की मी पाठकोरे कागद वाटायची. एका कागदाला एक स्लाइड समजा, म्हणायची. वर मथळा, खाली चार ओळी, पाचवी लिहायची नाही. चित्र काढा. आता उभे राहा आणि एकेक कागद पुढे धरून बोला. मग त्या अंधारलेल्या खोलीत, कौलांतून आलेल्या उजेडात, तीस-तीस वर्षं नोकरी झालेली माणसं मुलांसारखी कागद छातीशी धरून बोलायची, अडखळायची, हसायची. खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूश होते. लॅपटॉप नसतानाही आपण सादरीकरण शिकवतोय, याचं मला फार कौतुक वाटायचं.

माझे नियम ठरलेले होते. पाच मिनिटांच्या वर काही न्यायचं नाही. फापटपसारा कापायचा. आणि मधे रिकामं काही ठेवायचं नाही, ऐकणारा तेवढ्यात उठून जातो. हे वाक्य मी पहिल्या दिवशी दोनदा सांगितलं. शेवटच्या बाकावर बसलेल्या एका सावळ्या, उंच गृहस्थांनी ते वहीत लिहून घेतलेलं मी पाहिलं.

तेच ओव्हाळ सर. परंदवडीचे. वयाने छप्पन्न-सत्तावन्न, खिशाला निळं पेन, आत आले की दारातूनच हलकेच “जय भीम मॅडम” म्हणायचे आणि पायातल्या चपला ओळीत नीट लावून ठेवायचे. आंदर मावळात डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे, तिथल्या दोनशिक्षकी शाळेत ते होते. पहिल्याच दिवशी माझं बोलणं संपल्यावर त्यांनी हात वर केला. आवाज इतका घोगरा की मला वाटलं सर्दी झालीय.

“मॅडम, स्लाइडमध्ये आवाज कसा घालायचा?”

“ते दहाव्या दिवशी आहे, सर.”

“मला तेवढंच शिकवलंत तरी चालेल.”

सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी मी जरा चिडून म्हणाले, “सर, आधी मजकूर लिहायला तर शिका. आवाज म्हणजे सजावट असते.” ते “बरं” म्हणाले आणि वहीत खाली बघत राहिले.

त्या दिवशी सुटल्यावर मोरेबाई माझ्या स्कूटरपाशी आल्या. त्या ओव्हाळ सरांच्याच शाळेतल्या, इंदुरीहून रोज जा-ये करायच्या. बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांना सुरुवातच सापडेना.

“मॅडम, त्यांना रागावू नका. त्यांच्या घशात गाठ आहे. घटस्थापनेच्या आत ऑपरेशन करायचं म्हणालेत डॉक्टर. स्वरयंत्र काढावं लागणार. अख्खं.”

मी विचारलं, “मग आवाज?”

“आवाज न्हाई राहणार.” मग त्या एकदम बोलायलाच लागल्या. “तुम्ही त्यांचा आवाज ऐकलाच नाही हो. आमच्या शाळेच्या खाली ओढा आहे. तिथं धुणं धुणाऱ्या बायकांना सरांच्या आवाजाने पाढे पाठ झालेत. खरंच सांगते. शाळेत कधी न गेलेली म्हातारी बारा सक्कं बाहत्तर म्हणते.”

दुसऱ्या दिवशी मी अर्धा तास लवकर गेले. सर आधीच आलेले होते, व्हरांड्याच्या पायरीवर बसून समोरच्या खाचराकडे बघत होते. मी शेजारी बसले आणि विचारलं, “सर, मला आधी का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही मला वेगळं शिकवलं असतं,” ते म्हणाले. “चार माणसांत बसून शिकलो, बरं वाटलं.” मग थोड्या वेळाने, “वास येतोय का? भात निसवलंय.”

मला येत नव्हता. त्यांनी मला पायरीवरून उठवलं, बांधापर्यंत नेलं, वाऱ्याकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाले, “आता श्वास घेऊ नका. नुसत्या उभ्या राहा. तो आपला आपण येतो.” आणि आला. त्या दिवशी पहिल्यांदा.

तिथंच, बांधावर, त्यांनी सांगितलं. नोकरीची दोन वर्षं राहिलीत. घरी बसून काय करायचं? फळ्यावर लिहायला हात आहेत. बोलायचं तेवढं जर फोन बोलला, तर वर्गात उभं राहता येईल. “आता आवाज चांगला न्हाई राहिला, मला कळतंय. पण पोरं ओळखतील. पुढच्या वर्षी तिसरीतलं पोर चौथीत येईल, त्याला आवाज ओळखीचा पाहिजे.” मग म्हणाले, “आमचे आजोबा शाळेच्या भिंतीबाहेर बसून शिकले, मॅडम. आत घेत नव्हते. मास्तर त्यांना कधी दिसले न्हाईत, नुसता आवाज यायचा. त्या आवाजावर ते वाचायला लागले. आमच्या घरात शिक्षण आलं ते असं, आवाजातनं आलं.”

आवाज म्हणजे सजावट, असं मी त्यांना आदल्याच दिवशी म्हणाले होते.

दहाव्या दिवसाची वाट पाहायची नव्हती. चौथ्या दिवशी मी सगळा बेत बाजूला ठेवून सगळ्यांना आवाज भरायला शिकवला. सर लवकर शिकले. मोरेबाईंच्या फोनवर रेकॉर्ड करायचं, कारण सरांच्या फोनमध्ये जागा नव्हती. मोरेबाईंच्याही फोनमध्ये फारशी नव्हती, म्हणून रोज रेकॉर्ड झालेले पाठ माझ्या लॅपटॉपवर काढायचे आणि फोन मोकळा करायचा. त्यांच्या शाळेत प्रोजेक्टर नव्हताच. मग सरांनी जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं जमा केली. प्रत्येक पानावर एक स्लाइड. खडू, शाई, गुलाल, हळद, हाताला लागेल ते रंग वापरले. सूर्य हळदीचा होता.

प्रशिक्षण संपल्यावरही ते रेकॉर्ड करतच राहिले. शाळा सुटली की सर आणि मोरेबाई रिकाम्या वर्गात बसायचे. ऑपरेशनची तारीख जवळ येत होती. चौथीचे एकवीस पाठ झाले. दिशा, आपला तालुका, पाण्याचं चक्र, अपूर्णांक. मधेमधे थांबत, पाणी पीत, कधी एक पाठ तीन दिवस घेत. मोरेबाई इंदुरीला जाताना तळेगावला माझ्या घरी थांबायच्या, मी फोनमधून पाठ काढून घ्यायची.

आणि ते नीट करण्याचं काम माझ्याकडे होतं.

हे लिहायलाच मी बसले आहे, आणि इथेच हात अडतो.

एकेक पाठ अठरा-वीस मिनिटांचा यायचा. लॅपटॉप शाळेचा, जुना, त्यात ऑफिसचं सगळं भरलेलं. तो सारखा जागा नाही, जागा नाही म्हणून सांगायचा. पाठ लहान केले तरच ते पालकांच्या साध्या फोनवर जाणार होते, चालणार होते. शिवाय माझा नियम होताच, पाच मिनिटं. माझी मुलगी त्या वर्षी दहावीला. संध्याकाळी ती त्याच खोलीत अभ्यासाला बसायची, म्हणून मी आवाज बंद करून काम करायची. लॅपटॉपवर आवाज दिसतो. बोलणं चालू असेल तिथे रेघ वरखाली नाचते, गप्प असेल तिथे सपाट होते. सपाट दिसलं की कापायचं. खोकला, खाकरणं, पाणी पिणं, सगळ्यांचे आकार मला ओळखू यायला लागले. तेही कापायचं. कापलं की त्याच नावाने साठवायचं, म्हणजे जुनं जातं आणि जागा होते. वीस मिनिटांचे पाच झाले की मला अगदी समाधान वाटायचं.

एका पाठात मधेच रेघ एकदम उंच गेली होती, विचित्र आकाराची. तेवढं मी कानाला लावून ऐकलं. सरांच्या फोनची रिंग वाजत होती, मग सर म्हणाले, “हं, बोल सुजे.” त्यांच्या मुलीचा फोन. घरचं बोलणं, पाठातलं नव्हे. आवाज बंद केला, जिथे घरचं बोलणं संपून पाठ सुरू झालेला दिसला तिथपर्यंत खूण केली, कापलं. मिनिटभर तरी असेल.

पहिला पाठ नीट करून मी सरांना पाठवला होता तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, “छान. एकदम रेडिओसारखं.” मी ते कौतुक समजले. आता वाटतं, रेडिओला कुणी उत्तर देत नाही, एवढंच त्यांनी लिहिलं असेल.

ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी, थंडीत, सर शाळेत परत आले आणि मोरेबाईंनी मला मुद्दाम बोलावलं. मी वाडीवर गेले. खाचरं तेव्हा मोकळी होती, नुसती धसकटं उभी. सरांच्या गळ्याला पांढरा रुमाल होता, रुमालाखाली भोक, त्यातून श्वास जाता-येताना बारीक शिट्टीसारखं वाजायचं. ते खूप बारीक झाले होते. पण शर्टाला इस्त्री होती आणि खिशाला निळं पेन होतं. मला बघून त्यांनी हात जोडले, ओठ हलले. “जय भीम मॅडम.” ते ओठांवरून कळलं.

बारा मुलं समोर बसली होती. एक मुलगी मला म्हणाली, “गुर्जी आता डब्यातनं बोलत्यात.” डबा म्हणजे छोटा स्पीकर. सरांनी कॅलेंडरचं पहिलं पान दोरीवर अडकवलं, हळदीचा सूर्य वर आला, आणि त्यांनी फोनवर बोट ठेवलं.

त्यांचा आवाज आला. घोगरा, पण त्यांचाच. मुलांचे चेहरे असे उजळले की मला रडू फुटलं. अभिमानाने रडले मी, हे कबूल करते.

मग आवाज म्हणाला, “सकाळी सूर्य उगवतो ती कोणती दिशा? सांगा बरं पूर्व.”

सगळ्या मुलांचे हात वर गेले होते. माझ्याशी बोललेली ती मुलगी उठून उभी राहिली होती, तोंड उघडलेलं. पण उत्तर देऊन झालं होतं. ती उभीच राहिली. आवाज पुढे गेला. “सूर्याकडे तोंड केलं की पाठीमागे काय? सांगा बरं पश्चिम. डाव्या हाताला? सांगा बरं उत्तर.” सर धावल्यासारखे फोनकडे गेले, अंगठ्याने थांबवलं, मुलीकडे हात केला. तिने उत्तर दिलं. पुन्हा लावलं. पुन्हा पुढचा प्रश्न आणि त्याचं उत्तर एकाच दमात निघून गेलं. पुन्हा त्यांचा अंगठा उशिरा पोचला. काही वेळाने मुलांनी हात वर करायचं सोडून दिलं. नुसती बसून ऐकायला लागली.

‘सांगा बरं’ म्हटल्यावर ओव्हाळ सर थांबायचे. मोरेबाईंनी मला नंतर सांगितलं. एकेका पोराचं तोंड उघडेस्तोवर थांबायचे. घाईच करायचे नाहीत. रेकॉर्ड करतानाही रिकाम्या वर्गात, समोर एक पोर नसताना, ते प्रश्न विचारून थांबायचे आणि एकेका बाकाकडे बघायचे. मोरेबाईंना आधी हसू यायचं, मग यायचं बंद झालं. सपाट रेघ होती ती. एकवीस पाठांतली ती सगळी थांबणी मी शोधून शोधून काढून टाकली होती.

वर्ग सुटल्यावर मी त्यांच्यापुढे उभी राहिले. म्हणाले, “सर, माझ्याकडून फार मोठी चूक झाली.” त्यांनी मान हलवली, पाटी घेतली आणि लिहिलं, “आवाज स्पष्ट आलाय.” मग ते पुसून लिहिलं, “जागा ठेवता येईल?”

घरी येऊन मी प्रत्येक ‘सांगा बरं’नंतर दहा-दहा सेकंदांची रिकामी जागा घातली. ते येतं करता. पण त्यांच्या थांबण्यात पत्र्यावरचा पाऊस असेल, कोंबडा असेल, त्यांचा श्वास असेल. माझ्या रिकाम्या जागेत काहीच नव्हतं. आवाज तुटल्यासारखा बंद व्हायचा आणि दहा सेकंदांनी परत यायचा. पहिल्यांदा लावलं तेव्हा एक पोर घाबरून म्हणालं, “गुर्जी, डबा बंद पडला.” मोरेबाईंनी फोनवर हे हसत सांगितलं, मला हलकं वाटावं म्हणून.

सरांनी तसंच शिकवलं. त्या वर्षाच्या शेवटापर्यंत. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा त्यांना परत त्रास सुरू झाला. आषाढात ते गेले. परंदवडीला मी गेले होते. घरासमोर माणसं मावत नव्हती. वाडीवरून बायाही आल्या होत्या, त्यात एक अगदी म्हातारी, पदर तोंडावर घेऊन सारखी काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं विलाप करतेय. जवळ गेले तर बाराचा पाढा.

भाद्रपदात त्यांची मुलगी माझ्याकडे आली. सुजाता. खंडाळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनला असते. सुट्टी काढून, शोधत, सरळ आमच्या शाळेत. मी तिला घेऊन बाहेर पडले. शाळेच्या मागे एक तुकडा अजून शेतीचा आहे, तिथल्या बांधावर बसलो. शेतातलं भात निसवलं होतं. ती सरांसारखीच उंच, बोलायच्या आधी सरांसारखीच थोडी थांबणारी.

“मॅडम, बाबांचे ते पाठ माझ्याकडे आहेत,” ती म्हणाली. “सगळे एकवीस. रोज ऐकते. पण त्यात ते गुर्जी आहेत. पोरांशी बोलतायत. मला बाबा पाहिजेत. त्यांचं साधं बोलणं कुठं न्हाई. मेसेज करायचे ते लिहून, शुद्धलेखन तपासून. चुलतभावाच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये नुसता बँड वाजतोय. ऑपरेशनच्या आधी रेकॉर्ड करावं, हे दवाखान्यात कुणाला सुचतंय?” मग तिने माझ्याकडे बघितलं. “मोरेबाई म्हणाल्या, एकदा पाठ चालू असताना माझा फोन आला होता. ते बोलले माझ्याशी. ते सगळं रेकॉर्ड झालेलं. ते तुमच्याकडे असंल ना?”

मी खोटं बोलू शकले असते. लॅपटॉप बिघडला म्हणू शकले असते. मी म्हणाले, “सुजाता, ते मी कापलं. पाठात नको म्हणून. आणि जुनं ठेवलं नाही.”

ती बांधावरचं गवत एकेक काडी करून उपटत राहिली. मग म्हणाली, “पण कापायच्या आधी तुम्ही ऐकलं असंल. मला सांगा ना, काय म्हणत होते? मला कायच आठवत न्हाई. मी त्या दिवशी डेस्कवर होते, समोर गिऱ्हाईक. रोजचाच फोन, म्हणून मी पण लक्ष दिलं न्हाई.”

“हं, बोल सुजे, असं म्हणाले.”

तिचा चेहरा एकदम लहान मुलीचा झाला. “सुजे म्हणाले?”

“हो.”

“मग?”

पुढचं मी ऐकलंच नव्हतं. पुढची मला रेघ आठवत होती, उंच, दाटीवाटीची, मधे दोन ठिकाणी तुटलेली. ते हसत होते की काय होते, मला माहीत नव्हतं. पण ती पुढे वाकून बसली होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “जेवलीस का, म्हणून विचारत होते.”

“व्हय,” ती म्हणाली. डोळे भरून आले तिचे. “तेच विचारायचे. अजून?”

त्या ‘अजून’पुढे मला टिकता आलं नाही. मी तिचा हात धरला आणि सांगितलं. की मी ऐकलं नाही. सुजेच्या पुढे एक शब्दही मी ऐकला नाही, आवाज बंद करून कापत होते. जेवलीस का, हे मी आत्ता मनाने म्हणाले. तुझे वडील मिनिटभर तुझ्याशी बोलले आणि ते जगात फक्त माझ्या हातात होतं, आणि मी ते ऐकायच्या आधी पुसलं.

मला वाटलं, ती उठून जाईल. जावं, असंही वाटलं. तिने हात सोडवून घेतला, ओढणीने डोळे पुसले. बराच वेळ गप्प बसली. मी मधे काही बोलले नाही. तेवढं तोवर शिकले होते.

“जेवलीस का, हे म्हणालेच असतील,” ती शेवटी म्हणाली. “ते विचारल्याशिवाय त्यांनी कधी फोन ठेवला न्हाई. तुम्ही खोटं बोललात, पण ते खरंच असंल.”

मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले. रस्त्यात ती एकदाच बोलली. फुलोऱ्याचा वास आला का तुम्हाला, म्हणाली. मी हो म्हणाले. ती म्हणाली, मला येत न्हाई, बाबा सांगायचे पण कधीच आला न्हाई. लोणावळ्याहून खंडाळ्याची गाडी लागलेली होती. खिडकीतून तिने हात केला. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी विचारलंही नाही, विचारण्यासारखं ते नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्या वळणावर स्कूटर लावून उभी होते तेव्हा हे सगळं पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवलं. पत्राला मी हो कळवलं आहे. सोमवारपासून जायचं आहे. काय शिकवायचं ते अजून ठरलेलं नाही. नियम काही सांगणार नाही, एवढंच नक्की.

सुजाता त्या दिवशी गेल्यावर मी शाळेत परत येऊन रिकाम्या वर्गात बसले होते. अंधार पडायच्या सुमाराला फोन वाजला. तिचा मेसेज होता. वाक्य पुरं, शेवटी पूर्णविराम दिलेला.

“पोचले. जेवले.”